‘वाकडंतिकडं दांडकं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. तुम्ही मराठीत लिहिलंत, तेव्हा इंग्लंडात बसूनही उत्तर मराठीतच देतो. ‘14 महिने थांबवलं, 110 पौंड जोराने ओढायच्या धनुष्याचे पूर्ण पैसे घेतले आणि हातात दिलं ते गाठींचं वाकडंतिकडं दांडकं. दोरी उतरवली तरी सरळ होत नाही,’ अशी तुमची तक्रार आहे.

उशिराबद्दल तुमचं बरोबर आहे. तुमच्यासाठी निवडलेल्या पहिल्या दांड्याचं धनुष्य जवळपास झालं होतं. 26 इंचांपर्यंत ओढून बघताना पोटाच्या, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूला, एका गाठीपासून बोटभर अंतरावर, नखाला जेमतेम लागेल अशी आडवी सुरकुती दिसली. दाबाखाली लाकडाचे तंतू चुरडले गेले होते. हलकं धनुष्य असतं तर आजूबाजूचं लाकूड उतरवून ते वाचवायचा प्रयत्न केला असता. पण 110 पौंड ओढणाऱ्या माणसाच्या हातात ते द्यायला मन धजेना. चार वर्षं वाळवलेला दुसरा दांडा काढला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. हे तुम्हाला त्याच दिवशी कळवायला हवं होतं. पाच महिने कळवलं नाही, ही सर्वस्वी माझी चूक. मनापासून माफी मागतो.

वाकडेपणाचं मात्र तसं नाही. तुमचं धनुष्य यू नावाच्या झाडाच्या लाकडाचं आहे. यूच्या सालीखालचं पांढरट लाकूड ताण सोसतं आणि आतला तांबूस गाभा दाब सोसतो. म्हणून पाठ पांढरी आणि पोट तांबूस, एकाच लाकडात. पाठीवर वाढीचं एकच कडं (खोडाचा एका वर्षाचा थर) मी या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राखतो. ते जिथे वर-खाली होतं, तिथे पाठही वर-खाली होणार. रंधा मारून ती सपाट केली की तंतू मध्येच कापले जातात आणि धनुष्य बहुधा तिथूनच मोडतं. गाठींभोवतीचे उंचवटेही मुद्दाम ठेवलेले आहेत. पोर्ट्समथला मेरी रोझ संग्रहालयात एकदा जाऊन या. 1545 साली बुडालेल्या त्या जहाजातून 137 अखंड धनुष्यं मिळाली. त्यांची ताकद 100 ते 185 पौंडांच्या आसपास धरतात. त्या कारागिरांनीही गाठींपाशी असंच लाकूड राखलंय. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काचेपुढून हललो नव्हतो.

दोरी उतरवल्यावर उरणारा बाक पोटाचे तंतू दबल्यामुळे येतो. या ताकदीच्या यूच्या धनुष्यात इंच-दीड इंच बाक चालतो. पण तुमच्या फोटोत धनुष्य दोरी चढवलेल्या अवस्थेत रेडिएटरला टेकवून उभं आहे. कृपा करून ते आजच तिथून हलवा. नेम मारून झाला की लगेच दोरी उतरवा आणि धनुष्य गार जागी आडवं ठेवा. उष्णतेने लाकूड जास्त सुकलं तर ते तुटेल आणि ओढताना तुमचा चेहरा त्याच्या अगदी जवळ असतो.

कुठल्याही शनिवारी धनुष्य घेऊन कार्यशाळेत या. तुमच्यासमोर काट्यावर 30 इंच ओढू. 105 पौंडांच्या खाली भरलं, तर नवं करून देईन किंवा पैसे परत करीन, तुम्ही म्हणाल तसं. तो पहिला दांडाही ठेवलाय. सुरकुतीवरून नख फिरवून बघा.