‘एक नाशिककर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

आज सकाळच्या २० मार्चच्या दिनविशेषाखाली आपण जे लिहिलंत ते वाचलं. एरवी अशा प्रतिक्रियेला मी ‘धन्यवाद, नोंद घेतली’ एवढंच लिहून पुढे जातो. पण संध्याकाळपर्यंत तुमच्या मजकुराखाली बरेच अंगठे जमले. आता गप्प बसलो तर तुमचं सगळं मला मान्य आहे असाच अर्थ निघेल.

ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी आज पाच नोंदी दिल्या. आंतरराष्ट्रीय आनंद दिन, जागतिक चिमणी दिन, जागतिक मौखिक आरोग्य दिन, १९५६ साली ट्युनिशिया फ्रान्सपासून स्वतंत्र झाला तो दिवस, आणि १९२७चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह. त्यावर आपण लिहिता: “आनंद, चिमणी आणि दात यांच्या रांगेत चवदार तळं उभं करताना लाज नाही वाटली? तेही शेवटी, एका ओळीत. दिवसांचं नुसतं पीक आलंय, कोण ठरवतं हे? रोज कुठून तरी यादी उचलायची आणि डकवायची, याला लेखन म्हणत नाहीत.”

लाज. ओळखपाळख नसलेल्या माणसाला आपण पहिल्याच वाक्यात लाज काढता, आणि तेही टोपणनावाने. हेच “क्रमाचा फेरविचार करावा” असं लिहिता आलं असतं. मी केलाही असता कदाचित. समतेच्या दिवसाबद्दल बोलताना समोरच्याला आधी खाली बसवायचं आणि मग शिकवायचं, ही कुठली रीत?

आता त्या रांगेबद्दल. रांग मी लावलेली नाही, तारखेने लावली आहे. आनंद दिन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१२ साली ठरवला, भूतानच्या पुढाकाराने, आणि २०१३पासून तो पाळला जातो. भूतानने २० मार्च मान्य केला तेव्हा त्यांच्यासमोर महाड नसणार. महाडला परिषद भरली तेव्हा संयुक्त राष्ट्रंच अस्तित्वात नव्हती. दोघांची गाठ पडली ती कॅलेंडरच्या एका चौकोनात. तो चौकोन रिकामा करून कुणा एकाला द्यायचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही.

आपण गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, कधी गेलाच असाल, नाशिककर आहात म्हणता. रामकुंडात कुणी अस्थी सोडत असतं, दहा पावलांवर पोरं सूर मारत असतात, आणि बुधवार असेल तर पलीकडे मेथीच्या जुड्यांवरून घासाघीस चालू असते. अस्थी सोडणाऱ्याने पोरांना हुसकावल्याचं मी पाहिलेलं नाही.

आणि चिमणीला इतकं हिणवू नका. हा दिवस जिनिव्हा-न्यूयॉर्कहून आलेला नाही, तो आपल्याच गावच्या माणसाने सुरू केला. मोहम्मद दिलावर नाशिकचे. त्यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० साली पहिला जागतिक चिमणी दिन झाला. २०१२ साली दिल्लीने चिमणीला राज्यपक्षी केलं, तेही याच वातावरणात. जुन्या नाशकातल्या वाड्यांत फोटोच्या मागे, वाशांच्या सांध्यात घरटी असायची. वाडे पडले, त्यांच्या जागी गुळगुळीत भिंतींच्या इमारती आल्या, पिल्लांना भरवायच्या अळ्या औषधफवारणीत गेल्या. ज्याच्या घरात चिमणी होती आणि आता नाही, त्याला हा दिवस ‘पीक’ वाटत नाही.

महाडचं मला कुणी सांगावं, हे मात्र खरंच झोंबलं. मी पंचवटीत वाढलो. वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये. काळाराम मंदिराच्या पूर्व दरवाजावरून माझी शाळेची वाट. या मंदिरासाठी २ मार्च १९३०ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे नेटाने चालवला, आणि स्वातंत्र्याआधी दार काही उघडलं नाही, हे मला वडिलांनी त्याच रस्त्यावर चालता चालता सांगितलं. मी ते यादीत शोधलेलं नाही.

पुढे शिक्षक झालो. एका शाळेत परिपाठाचा दिनविशेष माझ्याकडे होता. एका २० मार्चला मी फळ्यावर चवदार तळं लिहिलं आणि खाली चिमणी. मुख्याध्यापकांनी बाजूला घेऊन सांगितलं, “सर, वाद नको, चिमणीचं तेवढं राहू द्या.” मी दोन्ही राहू दिलं. परिपाठात मुलांना सांगितलं की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ सालीच मंजूर केला होता, महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी तळं खुलं असल्याचा ठरावही केला, पण कागदावरचं तळं आणि ओंजळीतलं पाणी यांत २० मार्च १९२७पर्यंत अंतर राहिलं. त्या दिवशी परिषदेतले लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. मग हल्ला झाला, मग तळ्याची ‘शुद्धी’ झाली, मग नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडलं. आठवीच्या मुलांनी हे टक लावून ऐकलं. पुढच्या महिन्यात परिपाठ दुसऱ्यांकडे गेला. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तर लाजेचा प्रश्न मला विचारण्याआधी थोडी चौकशी केली असती तर बरं झालं असतं.

आणखी एक. या २ मार्चला मी काळारामच्या सत्याग्रहाची नोंद दिली होती. त्याखाली एकही प्रतिक्रिया नाही. ‘एक नाशिककर’ तेव्हा कुठे होते? १३ ऑक्टोबरला येवल्याची १९३५ची घोषणा दिली, “हिंदू म्हणून मरणार नाही” ही. तिच्या वर त्याच दिवसाचा आपत्ती जोखीम कमी करण्याचा आंतरराष्ट्रीय दिवस होता. तेव्हाही शांतता. येवला तर आपल्याच जिल्ह्यात आहे.

क्रम शेवटचा का, याचं उत्तर साधं आहे. आधी आंतरराष्ट्रीय दिवस, मग इतर देश, मग आपल्याकडचं. पहिल्या दिवसापासून हाच क्रम आहे. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, म्हणजे तात्यासाहेबांचा (कुसुमाग्रजांचा) जन्मदिवस, जागतिक स्वयंसेवी संस्था दिनाच्या खाली आला होता. त्याच यादीत चंद्रशेखर आझादांचं १९३१चं हौतात्म्यही होतं. कुसुमाग्रजांच्या गावात कुणाला राग आला नाही.

एक गोष्ट मान्य करतो, खळखळ न करता. मौखिक आरोग्य दिन गाळला असता तरी चाललं असतं. तो दंतवैद्यांच्या जागतिक महासंघाचा दिवस आहे, आणि दात काही एका दिवसावर अवलंबून नसतात. पुढच्या वर्षी तो नसेल. एवढ्यावर समाधान होत असेल तर आनंद आहे.

एका ओळीबद्दल म्हणाल, तर दिनविशेषात एकच ओळ असते. यादी उचलण्याच्या आरोपाला मी उत्तर देणार नाही. आणि ‘कोण ठरवतं’ हे वर आलंच आहे: कधी आमसभा, कधी एखादी संस्था, कधी तळ्यावर गेलेली माणसं.

उद्या २१ मार्च. १९६० साली याच तारखेला दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलला, कृष्णवर्णीयांना सतत पास जवळ बाळगायला लावणाऱ्या कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, ६९ माणसं गेली. त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी वंशभेद निर्मूलनाचा दिवस १९६६ साली जाहीर केला. पुढे त्याच तारखेवर युनेस्कोचा कविता दिन आला, वनांचा दिवस आला, आणि एकविसाव्या गुणसूत्राच्या तीन प्रती म्हणून २१/३ ही तारीख धरून डाऊन सिंड्रोमचाही. चारही दिवस मी एकाखाली एक देणार आहे. ते एका रांगेत का, ही तक्रार न्यूयॉर्कला पाठवावी. माझी नोंद सकाळी सहाला येईल. खाली लिहायचं असेल तर या वेळी स्वतःच्या नावाने लिहा.