तो किनारा कुणीतरी झाडला होता

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर एकाने रील टाकलं. मालदीवचा रिकामा किनारा, वरून ड्रोन, मागे पियानो आणि वर मजकूर: ‘2020, जेव्हा निसर्गाने मोकळा श्वास घेतला. दरवर्षी एक महिना लॉकडाऊन हवाच!’ खाली अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग. डोकं फिरलं. ग्रुपवर बोललो तर भांडण होईल म्हणून इथे लिहितोय. इथेही होईल, होऊ दे.

मी त्या वर्षी तिथेच होतो. एका रिसॉर्टच्या अकाउंट्समध्ये, पगाराची शीट करायला. तिथे रिसॉर्ट म्हणजे एक अख्खं बेटच असतं, गावं वेगळ्या बेटांवर. असा रिकामा किनारा मी रोज बघत होतो, आणि तो स्वच्छ कसा राहतो तेही. आमच्याकडे बांगलादेशातल्या बरिशालचा एक जण होता. त्याचं कामच किनारा झाडायचं. पहाटे दाताळं घेऊन निघायचा तो उन्हं वर येईपर्यंत. मेनंतर वारा फिरला की समुद्र बाटल्या, जाळ्यांचे तुकडे, एकेकट्या चपला असं काय काय आणून टाकतो. बेटावर एकही पाहुणा नव्हता, तरी झाडणं चालूच. कारण साहेबांना फेसबुकवर टाकायला फोटो हवे असत, ‘आम्ही तुमची वाट पाहतोय’ वगैरे. म्हणजे मित्रांनो, तुमच्या त्या निसर्गाने श्वास घेतला नव्हता. त्याला एका माणसाने झाडून ठेवलं होतं, अर्ध्या पगारावर.

अर्ध्या म्हणजे कशाच्या अर्ध्या, तेही सांगतो. रिसॉर्टमध्ये मूळ पगार बेताचाच असतो. घर चालतं ते सर्व्हिस चार्जवर. पाहुण्याच्या बिलावर 10 टक्के लागतात, ते महिन्याच्या शेवटी सगळ्या स्टाफमध्ये वाटले जातात. चांगल्या सीझनला ही रक्कम पगाराच्या वर जाते. 7 मार्च 2020 ला देशातले पहिले रुग्ण सापडले, तेही एका रिसॉर्टवरच. 27 मार्चला देशाने बाहेरच्यांना दरवाजे बंद केले. एप्रिलची शीट मी स्टाफ मेसच्या बोर्डावर लावली, तेव्हा सर्व्हिस चार्जच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्य होतं.

संध्याकाळी तो बरिशालवाला ऑफिसच्या दारात उभा. "भाई, मेरा एक नंबर छूट गया क्या?" त्याला वाटलं, टाइप करताना माझ्याकडून काहीतरी राहिलं. मी शीट काढून दाखवली. त्याने बोट ठेवून एकेक ओळ बघितली, मॅनेजरच्या नावापर्यंत. मग "ठीक है" म्हणाला आणि गेला. नोकरी लावणाऱ्या एजंटचं कर्ज अजून फिटायचं होतं त्याचं.

आता कुणीतरी शहाणा लिहील, एकाच धंद्यावर देश चालवायचाच कशाला? अरे बाबा, माती नाही, गोडं पाणी मोजकं, तांदूळ, कांदा, बटाटा सगळं बाहेरून येतं, त्यातलं बरंच आपल्याकडून. मासा आहे, टूना आहे. त्या वर्षी रिसॉर्टमधून घरी गेलेली कितीतरी पोरं होडीवर चढली. पण रीफवरचा, म्हणजे प्रवाळाच्या खडकांवरचा ताजा मासा विकत घ्यायचं कोण? आमचीच किचनं. ती बंद. 2019 मध्ये 17 लाख पर्यटक आले होते, 2020 मध्ये साडेपाच लाख. अर्थव्यवस्था एका वर्षात जवळपास एक तृतीयांश आकसली. आणि हे आकडे राजधानी मालेतल्या त्या खोल्यांचं काही सांगत नाहीत, जिथे मजूर पाळीपाळीने झोपायचे आणि जिथे आजार झपाट्याने पसरला.

मेमध्ये आपल्या नौदलाची ‘जलाश्व’ आपल्या लोकांना न्यायला आली, 698 जणांना घेऊन कोचीला गेली. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. मी नव्हतो त्यात. माले लॉकडाऊनमध्ये आणि आमचं बेट लांब. बरिशालवाल्यासाठी तर त्या जहाजाचा प्रश्नच नव्हता.

खरा राग मला पुढच्या गोष्टीचा आहे. 15 जुलैला देश उघडला. कुणासाठी? रिसॉर्टसाठी. माफुशीसारखी वस्तीची बेटं, जिथे साधी माणसं कर्ज काढून चार-सहा खोल्यांची गेस्टहाऊस चालवतात, त्यांना 15 ऑक्टोबरपर्यंत थांबवलं. मुळात 2009-10 पर्यंत कित्येक वर्षं गावातल्या माणसाला पाहुणा ठेवायची मुभाच नव्हती. कुठे दहा वर्षं धंदा लागत होता. पुढच्या एप्रिलमध्ये आपल्याकडे दुसरी लाट. इथे ऑक्सिजनसाठी रांगा आणि आपले नटनट्या तिथून बिकिनीतले फोटो टाकतायत. 27 एप्रिलपासून भारतातून येणाऱ्यांना वस्तीच्या बेटांवर बंदी, रिसॉर्ट मात्र चालू. 13 मेपासून आपल्यासाठी तेही बंद केलं. बंद करताना गावं आधी, उघडताना गावं शेवटी. हो, गावात म्हातारीकोतारी असतात, दवाखाना छोटा असतो, मान्य. पण बँकेचा हप्ता काय ऑक्टोबरपर्यंत थांबला होता?

आणि हो, पर्यटनाने घाण होते हेही मान्य. थिलाफुशीवर, म्हणजे मालेजवळच्या कचऱ्याच्या बेटावर, जळणाऱ्या कचऱ्याचा धूर मी स्वतः बघितलाय. पण त्यावर उपाय म्हणून माणसांचं पोट वर्षातून एक महिना बंद ठेवायचं?

लिहिता लिहिता जरा शांत झालोय. रील टाकणारा मित्र वाईट नाही, ठाण्याहून रोज दोन तास लोकलमध्ये चेंगरतो, त्याला रिकामं काहीही छानच वाटणार. पण मी मालवणचा आहे. 2020 चा मे आमच्या तारकर्लीतही रिकामाच होता. स्कूबाच्या होड्या उपड्या पडलेल्या, घरगुती मुक्कामाच्या खोल्यांना कुलपं. पुढच्या मेमध्ये जरा हातपाय हलवेपर्यंत तौक्ते आलं आणि छपरं घेऊन गेलं. तेव्हा आमच्या किनाऱ्याला कुणी सुंदर म्हणालं असतं तर आईने खराट्याने हाणला असता.

बरिशालवाला जुलैनंतरही तिथेच होता. रकान्यात पहिल्यांदा आकडा आला तो इतका फुटकळ होता की त्याच्यापेक्षा शून्य बरं, असं मीच म्हणालो. तो हसला नाही. त्याने तो आकडा मोबाइलमध्ये फोटो काढून घरी पाठवला.

या सीझनला कोण जाणार असेल तर जरूर जा. जमलं तर निदान दोन रात्री वस्तीच्या बेटावर राहा, मालेहून माफुशीला सरकारी फेरीही जाते. आणि रिसॉर्टवर उतरलात तर बिलात सर्व्हिस चार्ज लागलाय म्हणून हात झटकू नका. काही डॉलर सुट्टे ठेवा आणि पहाटे उठून किनाऱ्यावर जो दिसेल त्याच्या हातात द्या. रिसेप्शनवर देऊ नका, तिथून खाली पोचेपर्यंत काय होतं ते मी शीट करताना बघितलंय.