क्लास फाइव्हमध्ये टॉप रेटिंगचा घोडा हमखास जिंकतो?

घोड्याची ताकद दाखवणारा आकडा म्हणजे रेटिंग. त्यावरून शर्यतींचे क्लास (गट) पडतात, आणि क्लास फाइव्ह सगळ्यात खालचा. पुणे-मुंबईच्या रेस सीझनमध्ये एक मेसेज सगळीकडे फिरतो: ‘खालच्या क्लासमध्ये सगळे घोडे सामान्य, म्हणून तिथे आकडे खरे ठरतात. रेटिंगमध्ये जो वर, त्यावर विन (पहिला येण्याची पैज) लावा. जुने निकाल तपासा, पटेल.’ यातलं एकही वाक्य टिकत नाही.

‘जो वर तो भारी.’ हँडिकॅपरचं, म्हणजे घोड्यांना आकडे देणाऱ्या रेस क्लबच्या अधिकाऱ्याचं, रेटिंग असतंच मुळी घोड्यानं पाठीवर किती वजन न्यायचं ते ठरवण्यासाठी. आपल्याकडे एका पॉइंटला अर्धा किलो. 24 रेटिंगचा घोडा 60 किलो घेऊन पळत असेल, तर 8 रेटिंगवाल्याच्या पाठीवर 52. सोळा पॉइंटांची आघाडी आठ किलोंनी आधीच वसूल झालेली असते. खालच्या घोड्यावर अ‍ॅप्रेंटिस (शिकाऊ) जॉकी असेल, तर वजनात आणखी सवलत.

यावर कुणी म्हणेल, ‘मग स्वतःचं रेटिंग काढा.’ जरूर काढा. मागच्या तीन-चार धावांत घोडा किती लेंग्थने (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) हरला ते किलोत बदलायचं: ढोबळमानाने 1000 मीटरला एक लेंग्थ म्हणजे सव्वा ते दीड किलो, 1600 ला किलोच्या आसपास. मग तेव्हाच्या आणि आजच्या वजनातला फरक मिळवायचा. घोळ होतो तो इथे. जिंकण्याची आशा संपली की शेवटच्या 200 मीटरमध्ये जॉकी घोड्याला रेटत नाही, आणि चार लेंग्थची हार बारावर जाते. त्या वाढीव आठ लेंग्थ घोड्याच्या ताकदीबद्दल काहीच सांगत नाहीत, पण हिशेबात त्याला आठ-दहा किलोंनी पाडतात. म्हणून पाच-सहा लेंग्थच्या पुढची हार मोजूच नये.

‘सामान्य घोडे, म्हणून आकडे खरे.’ उलट आहे. चांगला घोडा आपली धाव पुन्हा पुन्हा देतो. तळाच्या क्लासमध्ये पायाच्या नसा दुखावलेले, श्वासाचा त्रास असलेले, वय झालेले, महिनोन्‌महिने न पळालेले घोडे असतात. आज 22 च्या तोडीची धाव, पुढच्या खेपेला 10 ची. दहा घोडे तीन-चार पॉइंटांच्या आत असताना ही चढउतार त्या फरकाला गिळून टाकते. इथे रेटिंगचा खरा उपयोग घोडे खोडण्यासाठी: वजन धरूनही जे आठ-दहा पॉइंट मागे आहेत ते काढा. उरलेल्यांची शेवटची धाव किती दिवसांपूर्वीची आणि आजच्या अंतरावर ते कधी पळालेत का, ते बघा. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात तिथे, पुढच्या पायांची चाल नीट न्याहाळा.

‘जुने निकाल तपासा.’ बहुतेक जण आजच्या यादीतलं रेटिंग घेऊन मागच्या शर्यती तपासतात. पण जिंकल्यावरच तर त्या घोड्याचं रेटिंग वाढलेलं असतं! उत्तर आधीच पानावर लिहिलेलं. त्या दिवशीच्या रेसकार्डात (शर्यतींच्या छापील यादीत) छापलेला आकडाच घ्या. यशाचा टक्का लगेच खाली येतो.

आणि भावाचं काय? ते मेसेजमध्ये नसतंच. समजा, टॉप रेटिंगचा घोडा शंभरात 18 वेळा जिंकतो. भाव तीनास एक, म्हणजे जिंकल्यास 100 चे 400 हातात. 100 रुपयांमागे सरासरी 72 परत. सप्टेंबर 2025 पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर 40 टक्के जीएसटी आहे, म्हणजे खिशातून गेले 140. नुसती बरोबरी साधायला भाव पावणेसातास एकच्या वर हवा, आणि सगळ्यांनी एकाच आकड्यावर पैसे लावलेल्या घोड्याला तो मिळत नाही.