गाणं कुणाचं, हे विचारण्याआधी

फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळच्या सुळेभावी-बाळेकुंद्रीच्या बसमध्ये कंडक्टर आणि प्रवाशांचा भाषेवरून वाद झाला, प्रकरण मारहाणीपर्यंत गेलं आणि महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबल्या. तेव्हापासून आमच्या बेळगावच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दुसरा विषय क्वचितच निघतो. दुकानांच्या फलकांवर ६० टक्के कन्नडची सक्ती, बेळगाव कर्नाटकात गेल्याचा १९५६ पासूनचा अन्याय, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला सीमाप्रश्नाचा दावा. तक्रार खोटी नाही. ज्या म्हाताऱ्या बाईला स्वतःच्या शेताचा कन्नडमधला उतारा वाचता येत नाही, तिचा राग मी कॅनडात बसून फिजूल म्हणणार नाही.

पण सुळेभावी म्हटलं की मला कुमार गंधर्व आठवतात. १९२४ साली ते तिथं जन्मले. त्यांच्या जन्मशताब्दीतही आमच्याकडे वाद रंगला तो ते कन्नड की मराठी, याचाच. मामांनी लिहिलं होतं, "घरात कानडी असंल की, पण डोक्यावर घेतलं मराठी माणसानं. म्हणजे आमचेच." वाद चार दिवस चालला आणि तेवढ्यात त्यांच्या गाण्याबद्दल एक ओळ कुणी लिहिली नाही. ऐन तारुण्यात क्षयानं त्यांचं एक फुफ्फुस गेलं. देवासला काही वर्षं गाणं बंद होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर यायची. पुढं जे गाणं उभं राहिलं त्याची मुळं त्या आजारपणात आहेत, आणि माळव्यातल्या त्या गाण्यांचे शब्द ना कन्नड आहेत, ना मराठी.

मी राहते त्या सास्काटूनमध्ये गायिका-गीतकार जोनी मिचेल लहानाची मोठी झाली. नदीकाठच्या एका फिरण्याच्या वाटेला तिचं नाव आहे. १९७१ साली आलेला तिचा 'ब्लू' हा अल्बम इथल्या माझ्या ओळखीच्या लोकांनी अक्षरशः आयुष्यभर ऐकला आहे. दहा गाणी, जेमतेम छत्तीस मिनिटं. प्रेम मोडल्याचं, घरापासून दूर असल्याचं, स्वतःवरच चिडल्याचं, सगळं उघडं. नऊ वर्षांची असताना पोलिओनं तिचा डावा हात अधू केला, म्हणून गिटारच्या तारा ती आपल्याला झेपतील अशा वेगळ्याच सुरांत लावू लागली. तिच्या सुरावटींना ती अनोळखी धार आली त्यामागं हेही एक कारण आहे.

हिवाळ्यात इथं काही जण एका घरी जमतात, रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत लावतात. मधे कुणी बोलत नाही. नंतर बोलतात ते मात्र जोनीबद्दल कमी, स्वतःबद्दल जास्त. एक निवृत्त परिचारिका सांगत होत्या, की त्यातलं एक गाणं त्या गाडी चालवताना लावत नाहीत, रस्ता दिसेनासा होतो. मला हे ऐकणं फार मोलाचं वाटतं.

इथले सगळे श्रोते असेच, असं मात्र नाही. कुठलं गाणं कुठल्या पुरुषावर आहे, याची छाननी आजही चालते. त्या काळात एका मासिकानं तिच्या प्रियकरांचा तक्ताच छापला होता, आणि तो हलकटपणा होता. याउलट 'लिटल ग्रीन' या गाण्याचं पाहा. १९६५ मध्ये, लग्न झालेलं नसताना, हाताशी पैसा नसताना तिला मुलगी झाली आणि ती दत्तक द्यावी लागली. हे गाणं त्या मुलीसाठी आहे. जगाला ते कळलं १९९३ मध्ये, मायलेकी भेटल्या १९९७ मध्ये. म्हणजे वीसेक वर्षं माणसं हकिकत माहीत नसताना त्या गाण्यापाशी थांबत होती. आईचं दुःख त्यांच्यापर्यंत माहितीशिवाय पोचलं होतं.

आपल्याकडे हे नाही, असं मला म्हणायचं नाही. तुकोबांनी दुष्काळ, दिवाळं आणि घरातला मृत्यू अभंगात आणला. जात्यावर बसलेल्या बायकांनी सासर-माहेर, मेलेलं मूल, नवऱ्याचा हात, सगळं ओवीत दळलं. आपल्याजवळ कान होता. पण सीमाभागातल्या सभांमध्ये, मोर्चांमध्ये आपण सगळ्यांनी मिळून गायची गाणी इतकी गायलो, की एकट्या माणसाचं गाणं आलं तरी त्याच्या हातात आधी झेंडा शोधतो.

खानापूरला माझी भाची गाणी लिहिते, चाल स्वतः लावते. तिचे वडील गोव्यात हॉटेलात कामाला. ते सुट्टीला घरी येतात तेव्हा घरात कसं परक्यासारखं वावरतात, कुठल्या खुर्चीवर बसू असं डोळ्यांनी विचारतात, यावर तिचं एक गाणं आहे. भाषा आमच्या घरची, कानडी शब्द सहज मिसळलेली. एका कार्यक्रमात तिनं ते म्हटलं, तर पुढच्या रांगेतून पहिला प्रश्न आला, "हे कुठलं मराठी?" दुसऱ्यानं विचारलं, कन्नडमध्ये का लिहीत नाहीस. बापाबद्दल कुणी काही विचारलं नाही. मला त्याचा संताप आला, अजून आहे. मराठीचा हक्क मागणाऱ्या माणसानं तरी मराठीत लिहिणाऱ्या पोरीचं आधी ऐकून घ्यावं. ती उद्या लिहायची थांबली, तर साठ टक्क्यांच्या फलकाला दोष देऊन चालणार नाही.

मामा त्यांच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचे जुने कार्यकर्ते आहेत. मी त्यांना लिहिलंय, की यंदा एका संध्याकाळी तिला पंधरा मिनिटं द्या, मागं बॅनर नको, आधी भाषण नको, आणि गाणं झाल्यावर कुणाला बोलायचं असेल तर आपल्या बापाबद्दल बोलू दे. मामांनी अजून हो म्हटलेलं नाही. पुढच्या रविवारी मी पुन्हा फोन करणार आहे.