अर्थिंगची वायर विसरलात की!

मेकी मेकी या कॉम्प्युटरला जोडायच्या छोट्या सर्किट बोर्डाबद्दल तुम्ही "केळ्याला क्लिप लावली की पियानो तयार" असं लिहिलंय, ते अर्धवट आहे हो. अर्थिंगची वायर पण अंगाला लागलेली हवी, नाहीतर सर्किट पूर्णच होत नाही. आमच्या एकांकिकेत पितळी तांब्याला हात लावला की घंटा वाजणार होती, तालमीत मस्त वाजायची, ऐन प्रयोगात नटाच्या मनगटाची वायर निसटली आणि तांब्या मुका, शेवटी विंगेतून मीच लॅपटॉपचा स्पेसबार दाबला 😀

बाकी २०१२ला किकस्टार्टरवर (लोकांकडून पैसे उभे करायची वेबसाइट) मेकी मेकीवाल्यांनी २५ हजार डॉलर मागितले आणि साडेपाच लाखांच्या वर जमले ते काय उगाच नाही, कॉम्प्युटरला तो बोर्ड म्हणजे साधा कीबोर्डच वाटतो, त्यामुळे कोडिंगचा गंध नसलेल्या आमच्यासारख्यांचंही भागतं.