रंग सांगताना अडखळलात म्हणून लकवा होत नाही

आमच्या दारव्हा तालुक्यात सध्या घरोघरी एक मेसेज फिरतोय. रंगांच्या नावांचा तक्ता आहे, पण 'हिरवा' लिहिलंय लाल शाईत, 'निळा' पिवळ्या शाईत. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. अडखळलात तर म्हणे मेंदूची नस दबतेय, डावा मेंदू उजव्याशी भांडतोय आणि ही लकव्याची पहिली खूण. खाली पाय फिरवत हातानं सहा काढायची आणखी एक चाचणी. मामी अडखळली, कापूस वेचायला जायचं सोडून घरात बसली आणि मला फोन लावला, "मले लकवा होते का रे बापू?"

नाही होत, मामी! या तक्त्यावर वाचता येणारा जवळपास प्रत्येक जण अडखळतो. अमेरिकेत जॉन रिडली स्ट्रूपनं १९३५ साली हाच प्रयोग छापला. कॉलेजात शिकणाऱ्यांना १०० रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३.३ सेकंद लागले, आणि चौकोनांऐवजी भलत्याच रंगांची नावं त्याच रंगांच्या शाईत लिहिली तेव्हा ११०.३. या सगळ्यांच्या नसा दबल्या होत्या काय? वाचायची सवय इतकी मुरलेली असते की शब्द आधी पुढे येतो आणि रंगाचं नाव मागे राहतं. मामीच्या सासूला अक्षरओळख नाही. तिनं तोच तक्ता कुठंही न थांबता सांगितला.

'डावा मेंदू उजव्याशी भांडतो' हेही चूक. वाचणं काय, रंगाचं नाव घेणं काय, दोन्ही भाषेचीच कामं, आणि बहुतेकांत ती मुख्यतः डाव्या बाजूला चालतात.

दोन उत्तरांमधली अशी ओढाताण स्नायूंपर्यंत पोचते, हे मात्र खरं. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८५ मध्ये अक्षर बघून डावा किंवा उजवा हात आवळायच्या अशाच एका चाचणीत दोन्ही हातांच्या स्नायूंतली वीज मोजली. उत्तर बरोबर आलं तरी कधीकधी चुकीचा हात आधी किंचित आवळलेला असायचा. म्हणजे धडधाकट मेंदू चूक सुरू झाल्यावरही ती सावरतो.

उजवा पाय घड्याळाच्या काट्यांसारखा फिरवत उजव्या हातानं इंग्रजी सहा काढला की पाय उलटा फिरतो, हेही बऱ्याच जणांचं होतं, कबूल. एका बाजूचे हातपाय एकाच दिशेनं जाऊ पाहतात. त्यात आजार कुठून आला?

खरा धोका निराळाच आहे. तोंड वाकडं झालेला माणूस या तक्त्यातले रंग सांगून बघेल आणि 'जमलं' म्हणून झोपून जाईल. तोंड एका बाजूला ओढलं जाणं, एक हात अचानक लुळा पडणं, जीभ जड होणं, या लकव्याच्या खुणा. मेंदूच्या नसेत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. आपल्याकडं तिथवर पोचण्यातच निम्मा वेळ जातो. यातलं काहीही दिसलं की लगेच १०८ ला फोन लावा.