लघुग्रह ठाण्यात कसा उतरवावा

खगोलशास्त्रातील ताजे संशोधन सामान्य ठाणेकरापर्यंत पोहोचवण्याचे पुण्यकर्म आपण हाती घेतले असेल, तर मूळ शोधनिबंध वाचण्याचा मोह प्रथम आवरावा. वाचला तर तो समजण्याचा धोका असतो, आणि विषय समजलेल्या माणसाचा हात शीर्षकात उद्गारचिन्ह टाकताना कचरतो.

'२०२४ वायआर४' या लघुग्रहाचेच उदाहरण घ्यावे. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतील अ‍ॅटलास दुर्बिणीने तो टिपला, तेव्हा पृथ्वीच्या सर्वांत जवळून जाऊन त्याला दोन दिवस झाले होते. हे मात्र सांगू नये. निरोप घेऊन गेलेल्या पाहुण्याची कोणी धास्ती घेत नाही. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो आदळलाच, तर कुठे आदळेल याचा पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत जात होता. एवढ्या लांबलचक पट्ट्यातून आपण फक्त मुंबई उचलावी. मुंबई आली की ठाणे आलेच. लोकलच्या गर्दीत आपला वाटा असतो, तसा तो उल्कापातातही असायला हवा. आकार सुमारे ६० मीटर असे न लिहिता 'घोडबंदर रस्त्यावरील वीस मजली टॉवरएवढा' असे लिहावे, म्हणजे हप्ते भरणाऱ्या वाचकाच्या पोटात तत्काळ गोळा येतो.

खरी कसोटी पुढे आहे. जानेवारीअखेर एक टक्क्याच्या वर गेलेली धडकेची शक्यता १८ फेब्रुवारी २०२५ रोजी ३.१ टक्क्यांवर पोहोचली. ती का वाढली, हे चुकूनही समजावू नये, कारण ते फार सोपे आहे. समजा, कल्याण ते मुलुंड या नऊ स्थानकांपैकी एकावर आपली छत्री राहिली. ती ठाण्यात असण्याची शक्यता नवांत एक. दिव्यापर्यंतची चौकशी निष्फळ ठरली, तर उरलेल्या मुंब्रा, कळवा, ठाणे आणि मुलुंड या चार स्थानकांत ती चारांत एक होते. पुढे मुंब्रा आणि मुलुंडही बाद झाले, तर थेट दोनांत एक. मग छत्री कळव्याला सापडते आणि ठाण्याचा आकडा शून्यावर येतो. या सगळ्या काळात छत्री तसूभरही हललेली नसते. कमी झालेले असते ते केवळ आपले अज्ञान. लघुग्रहाचेही तेच झाले. नव्या निरीक्षणांनी त्याच्या संभाव्य मार्गांचा पसारा आक्रसत गेला, पृथ्वी काही दिवस त्या पसाऱ्यात राहिली म्हणून टक्केवारी चढली, आणि पृथ्वी त्याबाहेर पडताच आठवड्याभरात ती जवळजवळ शून्य झाली. ही शेवटची बातमी आतल्या पानावर, गडकरी रंगायतनच्या जाहिरातींखाली, दोन ओळींत उरकावी.

पुढच्या संधीची तयारी मात्र आजच करावी. अपोफिस हा सुमारे ३४० मीटरचा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ रोजी भूपृष्ठापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाणार आहे. किमान शंभर वर्षे त्याची धडक संभवत नाही, हे वाक्य हवे तर जागेअभावी गाळावे. भारतात तेव्हा १४ तारखेची पहाट असेल. रात्र अमावास्येची आणि उजाडणार शनिवार. मराठी वाचकांसाठी लिहिणाऱ्याला याहून अधिक साहित्य कोणती वेधशाळा पुरवणार?